शपथ घालून दिलेलं औषध

बाबांची लघवी कमी होत होत जवळजवळ बंद झाली, तोंड सुजलं, डोळे पिवळट दिसायला लागले आणि त्यांना चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं, तेव्हा घरच्यांचं पहिलं बोट माझ्याकडं वळलं. कारण बाबांना काढा मी देत होते. किडनीसाठी. गोखरूचा काढा, घेटुळीची भाजी, कुळथाचं कढण. आणि आता त्याच किडन्या बसल्या होत्या.

मी कोण, ते आधी सांगते. मूलच्या बाजूला, एका जुन्या तलावाच्या काठी आमचं गाव. आम्ही ढीवर. बाबा, काका, आजा, सगळे त्याच तलावात जाळं टाकत आले, आणि पावसाळ्यात दुसऱ्याच्या धानात मजुरी करत आले. आमच्या मोहल्ल्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. वनस्पतिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले, पुढं शिकले, आणि आता गडचांदूरला शिकवते. ह्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. माझ्या बापानं छातीएवढ्या पाण्यात उभं राहून मला शिकवलं, तर त्याचा अभिमान मी नाही बाळगायचा तर कोणी बाळगायचा? झाडांची पुस्तकातली नावं मला येतात आणि आमच्या बायका त्यांना काय म्हणतात तेही येतं. त्यामुळं सुट्टीत गावी गेले की ओसरीवर बायका बसलेल्या असतात. कोणाला मुतखडा, कोणाला जळजळ, कोणाचे पाय सुजलेले. मी माहीत आहे तेवढं सांगते, माहीत नाही ते नाही म्हणते.

बाबांचं दुखणं तसं जुनंच होतं. लघवीला जळजळ, मधून मधून कमरेत कळ. पाण्यात राहणाऱ्या माणसाला पाणी कमी पडतं हे बाहेरच्याला खरं वाटणार नाही, पण आमच्याकडं तसंच आहे. तलाव मातामायचा, म्हणजे आमच्या गावदेवीचा. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली तिचा शेंदराचा दगड आहे आणि तिच्या तलावात लघवी करायची नाही असा नेम आहे. तो नेम मला आवडतो. पण आमच्या माणसांनी त्यावर उपाय काय काढला, तर पहाटे पाण्यात उतरायच्या आधीपासून पाणीच प्यायचं नाही. म्हणजे जाळं सोडून बाहेर यायला नको. ऊन डोक्यावर येईपर्यंत घोटभरही नाही. वर्षानुवर्षं. मग खडे होतील नाही तर काय होईल?

मी बाबांना पाण्याचा डबा घेऊन पाळीवर न्यायला लावलं. ते कुरकुरले, पण नेऊ लागले. जोडीला कुळथाचं कढण, आठवड्यातून एखाद-दोनदा घेटुळीची भाजी, म्हणजे जिला आयुर्वेदात पुनर्नवा म्हणतात ती, आणि गोखरूचा पातळ काढा. मीठ कमी केलं, सुकी मासळी कमी केली. त्यांची जळजळ उतरली. खरं सांगायचं तर अर्धं काम पाण्यानंच केलं होतं, पण बाबा सगळ्यांना सांगत फिरायचे, "आमच्या पोरीच्या औषधानं फरक पडला." तेच पुढं माझ्या अंगावर आलं.

मग एक दिवस तलावातलं मोठं जाळं ओढून झालं आणि दुसऱ्याच दिवशी बाबांना उलट्या-हगवण लागली. सगळ्यांना वाटलं काही शिळंपाकं खाल्लं असेल. गावच्या डॉक्टरनं सलाईन लावलं. उलटी थांबली, पण लघवी थांबली तीही. मी गडचांदूरहून निघून चंद्रपूरला पोचले तेव्हा आई, बाबा आणि दौलतकाका वॉर्डात होते, आणि काका माझीच वाट बघत होते.

"आली पाय डॉक्टरीन," काका म्हणाले. "बापाले झाडपाला पाजून पाजून किडनी उडवली, अन् आता आली पाहाले."

"दौलत, चूप बस," आई म्हणाली.

"काऊन चूप बसू? मी तं पहिलेच सांगत होतो. शिकल्या लोकायनं पुस्तकं वाचाव. काढे करनं हे का पुस्तकातलं काम होय?"

मी घरून निघतानाच गोखरू आणि घेटुळीच्या पुड्या पिशवीत टाकल्या होत्या. त्या घेऊन थेट डॉक्टरीण बाईंकडं गेले. माझ्याहून लहान असतील, पण कामाची बाई. मी सगळं टेबलावर मांडलं. काय दिलं, कसं उकळलं, कधीपासून. त्यांनी पुड्या उलगडून पाहिल्या, शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "आत्ता हे सगळं बंद. पण एवढ्यानं असा एकदम घाला पडेल असं मला वाटत नाही. ह्याखेरीज काही घेतलं का त्यांनी? कुठलं गावठी औषध, गोळ्या, काही?"

त्या बाबांजवळ आल्या, खाली वाकून विचारलं, "बाबाजी, आणखी काही खाल्लं-प्यालं होतं का? मी रागवणार नाही." बाबांनी भिंतीकडं पाहिलं आणि मान हलवली. नाही.

मग त्यांनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं. रक्तातली घाण वाढत चालली आहे, डायलिसिस लगेच करायला हवं. कारण कळत नाही तोवर पुढचं सांगता येत नाही. किडन्या हळूहळू आधीच खराब झालेल्या असतील तर मशीन कायमचंही लागू शकतं. एखाद्या विषानं अचानक मार बसला असेल तर सावरायची आशा मोठी आहे. पण आत्ता थांबलो तर जिवावर बेतेल.

मी ते बाबांना सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "मशीनवर नाई चढत मी."

आमच्या गावात ज्याला डायलिसिस लागलं तो माणूस वर्षभर दवाखान्याच्या फेऱ्या मारून गेला होता. तेव्हापासून मोहल्ल्यात एकच वाक्य, मशीनवर चढला तो उतरत नाही. मी समजावलं, आई रडली, काकांनी आवाज चढवला. बाबा भिंतीकडं तोंड करून पडले. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "जबरदस्ती करता येत नाही, पण आज संध्याकाळपर्यंत ठरवा. त्याहून जास्त वेळ मी देऊ शकत नाही."

इथं मला माझ्या मनाचं सांगायला हवं. मी देव मानत होते, पण आपल्या सोयीनं. गावी गेले की पाळीवर दिवा लावायचे, नारळ फोडायचे, आणि मनात म्हणायचे, ही आपली संस्कृती आहे, छान आहे. मागायचे तेव्हाही अर्जासारखं मागायचे, मुद्देसूद. त्या दिवशी मात्र मला मायचा राग आला होता. तिच्या तलावात हा माणूस आयुष्यभर उभा राहिला. तिचं पाणी विटाळू नये म्हणून स्वतः तहानलेला राहिला. आणि त्याचीच किडनी? त्या रागाच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती जास्त टोचत होती. काका म्हणतात ते खरं तर नसेल? गोखरू म्हणून बाजारातून आणलं त्यात दुसरंच काही मिसळलेलं तर नसेल? जे मी ठामपणे ओसरीवर बसून सगळ्यांना सांगत आले, त्यानंच माझा बाप जात असेल तर?

आई म्हणाली, "इथं बसून डोळे फोडू नको. महाकालीले हात जोडून ये."

मी गेले. दुपारची वेळ, दर्शनाला फारशी गर्दी नव्हती. रांगेत उभी असताना नेहमीच्या सवयीनं मनात वाक्यं जुळवत होते. बाबांनी तयार व्हावं, कारण सापडावं, काढ्यामुळं झालेलं नसावं. देवीसमोर आले आणि ती सगळी वाक्यं निघून गेली. कॉलेजात गेल्यापासून मी देवाशीसुद्धा शुद्ध भाषेत बोलत होते. त्या दिवशी तोंडातून आलं ते आमच्या मोहल्ल्यातलं. "माय, मले काई समजून नाई राह्यलं. तूच पाह्य." एवढंच. मागणं नाही, नवस नाही. मागचा माणूस "सरका बाई, सरका" म्हणाला आणि मी सरकले. बाहेर येऊन पायरीवर बसले तेव्हा काही चमकलं नाही, काही ऐकू आलं नाही. फक्त खांद्यावरचं ओझं कोणीतरी एका बाजूनं उचलावं तसं वाटलं. बाबा गेले तरी आणि राहिले तरी, कसं ते ठरवणारी मी नाही, हे मला त्या पायरीवर पहिल्यांदा पटलं. आणि त्यानं मी खचले नाही, उलट पायांत बळ आलं.

वॉर्डात परतले तर बाबांच्या खाटेजवळ एक अनोळखी माणूस स्टुलावर बसून कोणाला तरी शिव्या घालत होता.

"फोन करता येत नाई का त्याले? सुट्टी भेटली तं सांगाव. मी चामोर्शीहून बसनं हा डबा मांडीवर घेऊन आलो, अन् साहेब सकाळीच घरी!"

झालं होतं असं. बाबांना जी खाट मिळाली होती, तिच्यावर सकाळपर्यंत सुकुमार नावाचा रुग्ण होता. हा त्याचा गाववाला, निताई. चामोर्शीकडच्या बंगाली निर्वासितांच्या कॅम्पात जन्मलेला, मासे विकणारा. त्याला सुकुमारची सुट्टी कळलीच नव्हती. खाट तीच, माणूस दुसरा. परतीच्या बसला वेळ होता म्हणून तो बसून राहिला होता, आणि काकांना कधी नव्हे तो आपल्याइतकाच चिडका सोबती मिळाला होता.

"आता हे परत कुठी नेऊ?" निताई म्हणाला. "खाऊन घ्या दादा तुमीच. सकाळचा ताजा रोहू आहे."

त्यानं डब्याचं झाकण काढलं. मोहरीच्या रश्शाचा वास आला. काकांचे डोळे चमकले. आणि बाबांनी तोंड फिरवून अशी उबळ दिली की आई भांडं घेऊन धावली. पोटात काही नव्हतं, नुसतंच ओकारी काढत राहिले.

निताईनं झाकण लावलं. काकांना विचारलं, "हे मासेमार आहेत म्हणता ना तुमी?"

"मासेमार म्हंजे? जन्म पाण्यात गेला त्याचा."

"मंग रोहूच्या वासानं ओकते?" तो थोडा वेळ बाबांकडं बघत राहिला. मग सहज, गंमत सांगावी तसा हसला. "मले बी असंच झालं होतं. रोहूचा पित्ता गिळला होता कच्चा. शुगरसाठी. कोनी तरी सांगतलं, मुळासकट जाते म्हनून. शुगर तं तिथंच राह्यली, किडनी बसली. मंग कितीक दिवस रोहू दिसला का पोट उलटून येये. बायको म्हने, मासे विकनारा तू, तं आता का भोपळे विकतो?"

काका हसले. बाबा हसले नाहीत. ते कोपरावर भार देऊन उठून बसले, दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा.

"तुमी हे साऱ्यायसमोर बोलून राह्यले?" बाबांनी विचारलं.

"मंग? चोरी केली का मी?"

"तसं नाई. सांगतलं तं गुन जाते."

"गुन!" निताई म्हणाला. "दादा, गुन असता तं मी दवाखान्यात आलो असतो का?"

 मला आणि आईला एकाच वेळी समजलं. आईनं बाबांचा हात धरला. "तुमी बी गिळला का?"

बाबांनी मान डोलावली, हो. मग सगळं बाहेर आलं. मूलच्या बाजारात एक म्हातारा भेटला होता, मासेमारच, दुसऱ्या गावचा. तो म्हणाला, काढ्याबिढ्यानं किडनी वरवर धुतल्या जाते, आतून साफ करायची असेल तर मोठ्या रोहूचा पित्ता, म्हणजे पित्ताची पिशवी, उपाशीपोटी गिळायचा. आमच्याकडं गावठी औषध देणारा एक अट घालतो. कोणाला बोलायचं नाही, बोललं की गुण जातो. त्या म्हाताऱ्यानं तर मातामायची शपथ घातली होती. मोठं जाळं ओढलं त्या दिवशी बाबांच्या हाती चांगला जाडजूड रोहू लागला. त्यांना वाटलं मायनंच दिला. उलट्या लागल्या तेव्हाही वाटलं, घाण बाहेर पडते आहे. नंतर घाबरले, पण शपथ आड आली. बोलावं तर मायचा कोप, न बोलावं तर मरण. त्यांनी मरण निवडलं होतं. आणि मी मात्र त्यांना हट्टी म्हणत होते. तो हट्ट नव्हता, ती त्यांची भक्ती होती, चुकीच्या खुंटीला टांगलेली.

"मायची शपथ मोडली आता," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

निताईनं डबा स्टुलाखाली सरकवला. "दादा, आमच्या घरी बी माय आहे. काली. कोन्ती माय लेकराले म्हनन, पोटात जहर गेलं तं कोनाले सांगू नको?" मग त्यानं शर्टाची कॉलर खाली ओढून मानेवरचा व्रण दाखवला. "हे पाहा. मशीनची नळी इथी लावली होती. चढलो ना मी? अन् उतरलो बी. तुमच्यापुढं बसून त्या सुकुमारले शिव्या देऊन राह्यलो का नाई?"

बाबांनी त्या व्रणाकडं पाहिलं. हात पुढं करून बोटानं चाचपला, जाळ्यातली गाठ चाचपावी तसा. मग मला म्हणाले, "बाई, डॉक्टरीण बाईले बोलाव."

डॉक्टरीण बाई आल्या, ऐकून खुर्चीवर बसल्याच. "बाबाजी, किती बरं केलं सांगितलं ते," एवढंच म्हणाल्या आणि कामाला लागल्या. नंतर मला सांगितलं की माशाच्या पित्तात जे विष असतं ते किडनीला आणि लिव्हरला एकदम मारतं. कच्चं खा की शिजवून, ते जात नाही. पण वेळेवर डायलिसिस मिळालं तर पुष्कळांच्या किडन्या परत कामाला लागतात. हमी देत नाही, पण आता आशेनं उपचार करता येईल. बाबांनी स्वतःच्या हातानं सही केली. संध्याकाळ व्हायची होती.

निताईची बस निघायची होती. आम्ही त्याचे आभार मानायच्या आत तो दारापर्यंत गेला होता. काका त्याला डबा द्यायला धावले, तर म्हणाला, "तुमी खा. डबा सुकुमारच्या घरचा नाई, माझा आहे. घ्यायले येईन कधी." काकांनी माझ्याकडं पाहिलं नाही. खाली गेले आणि चहा घेऊन आले. "पेजो पोरी," म्हणाले. "साखर जास्त टाकाले सांगतली." आमच्या काकांकडून ह्याहून मोठी माफी कोणी ऐकलेली नाही.

मशीन काही खेपा लागलं. दिवस कठीण गेले, बाबांना थंडी वाजायची, रक्तदाब खाली यायचा. पण ते प्रत्येक वेळी न बोलावता उठून बसायचे. आणि मग एका सकाळी आई वॉर्डभर सांगत सुटली, "झाली! भांडं अर्धं भरलं!" ज्यांच्या घरात कधी हा प्रसंग आला नाही त्यांना लघवीचा एवढा आनंद विचित्र वाटेल. शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईंनी तर हात जोडले. हळूहळू भांडी भरत गेली, सूज उतरली, डोळ्यांतला पिवळेपणा गेला. काही आठवड्यांनी तपासणीत डॉक्टरीण बाईंनी मशीनची गरज उरली नाही असं सांगितलं, तेव्हा बाबांनी आधी मानेवरच्या पट्टीला हात लावला आणि मग कपाळाला.

पुढं मी डबा घेऊन चामोर्शीकडं गेले. निताईदा अंगणात जाळं शिवत बसले होते. मी सगळं सांगितलं, देवीसमोर उभी राहिले ते, परत आले तर तुम्ही बसलेले ते. त्यांनी सुई न थांबवता ऐकलं आणि म्हणाले, "बाई, देवाचं मले माहीत नाई. मी त्या दिवशी लई तपलो होतो. पहिली बस चुकली, ऊन लागलं, सुकुमार भेटला नाई." मग म्हणाले, "पन बरं झालं चुकली ते." मी हसले. कृपा कोणाच्या रूपात येते हे मी पुस्तकात पुष्कळ वाचलं होतं. ती चिडलेली, घामाघूम, हातात माशाच्या कालवणाचा डबा घेऊन येते हे कुठं लिहिलेलं नव्हतं. कोणी म्हणेल योगायोग. म्हणू दे. मी वाद घालत नाही. माझ्या बापाचा जीव वाचला आणि कोणाचे पाय धरायचे हे मला माहीत आहे.

आता लोक पुन्हा ओसरीवर येतात आणि मी पुन्हा सांगते, आधीपेक्षा ठामपणे. घेटुळी चांगली, कुळीथ चांगला, गोखरूही चांगला, पण धडधाकट माणसाला, अन्नासारखा आणि प्रमाणात. किडनी एकदा दुखावली की चांगली भाजीसुद्धा डॉक्टरला विचारूनच. कारण तिथं पाणी किती प्यायचं हेसुद्धा मोजावं लागतं. माझे बाबाही आता तेच करतात. काढा बंद आहे तो बंदच आहे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. आपल्या झाडपाल्यावर माझं प्रेम आहे आणि प्रेम आहे म्हणूनच त्याची हद्द मला ठाऊक असायला हवी. मीठ कमी, शुगर-बीपी ताब्यात, अंगदुखीच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत, आणि जे काही पोटात गेलं ते डॉक्टरपुढं मोकळं बोलायचं. माशाचा पित्ता तर कोणत्याच रोगासाठी नाही. तलावावरची माणसं आता पाळीवर मडकी ठेवतात आणि पाळीपाळीनं बाहेर येऊन पाणी पितात. मायचा नेमही राहिला, माणसंही राहिली.

ह्या अनुभवानं मला शिकवलं ते एवढंच. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं, असं मी आधी समजत होते. बाबा शपथ सांभाळत मुकाट पडून होते, त्याला ते शरणागती समजत होते. मी सगळं माझ्या डोक्यानं सुटेल असं धरून होते. दोघांच्याही मुठी बंद होत्या. मायनं काही केलं असेल तर त्या मुठी सोडवल्या. बाबांनी आपलं गुपित सोडलं, मी माझं शहाणपण सोडलं, आणि मगच डॉक्टरच्या हाताला काम करायला जागा मिळाली.

गेल्या महिन्यात सावलीकडचा एक माणूस आमच्या अंगणात आला. पाय सुजलेले, चेहरा राखेसारखा. सोबतची बायको सांगत होती, "काईच खाल्लं नाई जी ह्यांनी, असंच झालं." तो माणूस जमिनीकडं बघत होता. मी विचारणार होते, पण बाबा उठले. त्याच्याजवळ जाऊन चटईवर बसले. रागावले नाहीत, प्रश्नही विचारला नाही. स्वतःचीच गोष्ट सुरू केली. बाजारातला म्हातारा, जाळ्यातला रोहू, शपथ, सगळं पहिल्यापासून, आणि मोठ्या आवाजात, की शेजारच्या अंगणात ऐकू जावं. तो माणूस बराच वेळ ऐकत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "म्या बी खाल्लं, भाऊ. जडीबुटी. शपथ घातली होती." त्याची बायको रडायला लागली.

मी काकांना कोणाची तरी गाडी आणायला सांगितलं. बाबा त्या माणसाला धरून मागच्या सीटवर बसवत होते आणि म्हणत होते, "भिऊ नको. मायले काई राग नाई येत. चाल, डॉक्टरले सांगू."